गवतांतली छत्री आणि वारुळांतली अळंबी

भाद्रपदांत पावसानें उघडीप दिली कीं शहरांतल्या गवतांतून एका रात्रींत पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात. शिवाजी पार्कवर पहांटे फिरावयास येणाऱ्या कोंकणी गृहस्थास अशी छत्री दिसली, तर त्यास गांवची अळंबी आठवावी आणि चार खुडून घरीं न्याव्या असा मोह व्हावा, हें साहजिक आहे. तो मोह जिवावर बेतूं शकतो.

कोंकणांत आवडीनें खाल्ली जाणारी, गोमंतकांत जिला 'रोंय अळमी' म्हणतात ती अळंबी वारुळाची होय. वाळवी लांकूड व पालापाचोळा खाऊन आपल्या विष्ठेचें स्पंजासारखें पोळें रचते आणि त्यावर बुरशीची चक्क शेती करते! पाऊस मुरला कीं त्या शेतींतून कोंब वर येतो. त्याचा देंठ मुळासारखा खोल, थेट पोळ्यापर्यंत गेलेला असतो. रॉजर हाइम ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९४२ सालीं ह्या जातीस 'टर्मिटोमायसीस' असें नांव दिलें.

हिरवळीवरची मोठी पांढरी छत्री मात्र पुष्कळदां 'क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस' ही विषारी जात असते. तिच्या टोपीखालचे पापुद्रे कोंवळेपणीं पांढरेच असतात, पिकल्यावर हिरवट पडतात. म्हणजे ती खावीशी वाटते, नेमकी तेव्हांच तिची खूण लपलेली असते. खाणाऱ्यास कांहीं तासांतच ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात.

घरोघरच्या परीक्षांवर विसंबूं नये. चांदीचें नाणें किंवा लसणीची पाकळी काळी पडली नाहीं, किडे-गोगलगायींनीं कुरतडलेली आहे, म्हणून छत्री निर्धोक, ही समजूत साफ खोटी. युरोपांतील 'अमानिता फॅलॉइडीस' हिचें विष उकळूनही जात नाहीं. त्रास सहा तासांनीं, कधीं त्याहूनही उशिरां सुरू होतो. मध्यंतरीं थोडें बरें वाटतें, आणि तोंवर यकृत नासत असतें.

रानांतली बाई अळंबी काढते ती वर्षानुवर्षें ठाऊक असलेल्या वारुळावरून. तिची खरी परीक्षा ती जागा. बाजारांत पानांत बांधलेली अळंबी घेतांना ती कोठली, केव्हां काढलेली, हें विचारावें. उत्तर नीट न मिळाल्यास घेऊं नये. नुसता लांब देंठ पाहून नवख्यानें निवाडा करूं नये. आणि खाल्ल्यावर कोणास त्रास झालाच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें, व उरलेला कच्चा तुकडा कागदांत गुंडाळून बरोबर न्यावा.