खोडदची दुर्बीण आणि वाय-फाय

नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागते आणि तेथून पूर्वेला, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना असून त्यांपैकी 14 मध्यभागी दाटीने आहेत, तर उरलेल्या 16 तीन दिशांना पांगलेल्या असल्याने दुर्बिणीचा एकूण पसारा सुमारे 25 किलोमीटर भरतो. इतक्या पसाऱ्यात संपर्कव्यवस्था सुधारायची म्हटले की जागोजागी ताकदवान वाय-फाय बसवावे, असे कोणीही सुचवील. परंतु येथे तो रोगापेक्षा भयंकर इलाज ठरेल.

आकाशस्थ स्रोतांकडून येणाऱ्या रेडिओलहरींची तीव्रता जान्स्की या एककात मोजतात. एकावर 26 शून्ये देऊन होणाऱ्या संख्येने एका वॉटला भागले असता जी शक्ती उरते, तेवढीच एका चौरस मीटरवर, एका हर्ट्झच्या पट्ट्यात पडली, तर तो एक जान्स्की होय. आणि या दुर्बिणीला त्याहूनही कितीतरी क्षीण लहरी टिपायच्या असतात. ही दुर्बीण साधारण 120 ते 1450 मेगाहर्ट्झ या कंप्रतांवर ऐकते, तर नेहमीचे वाय-फाय 2400 मेगाहर्ट्झच्या आसपास चालते, तेव्हा बिघडले कोठे, असा प्रश्न रास्त आहे. मात्र राउटरमधील प्रोसेसर आणि त्याला वीज पुरवणारा अडॅप्टर हे खालच्या कंप्रतांवरही नकळत गोंगाट करीत असतात. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षे चकवणारे काही संदेश आवारातल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचे, तो चालू असतानाच दार उघडल्यामुळे निसटलेले होते, हे 2015 मध्ये उघड झाले.

म्हणूनच खोडदला अँटेना आणि नियंत्रणकक्ष काचेच्या तंतूंनी, म्हणजे ऑप्टिकल फायबरने, जोडलेले आहेत. तंतूतून प्रकाश जातो, त्यामुळे रेडिओलहरी बाहेर सांडत नाहीत. शिवाय सर्व अँटेनांना एकाच तालात ठेवणारा संदर्भसंकेतही त्याच वाटेने पोहोचतो. गेल्या दशकात दुर्बिणीचे अद्ययावतीकरण झाले, तेव्हा एका वेळी टिपता येणारा कंप्रतांचा पट्टा 32 मेगाहर्ट्झवरून 400 मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला आणि त्याचा भार याच तंतूंच्या जाळ्याने पेलला. पट्टा रुंदावल्याने संवेदनक्षमता वाढली खरी, पण पूर्वी कक्षेबाहेर राहणारा मानवनिर्मित गोंगाटही आत शिरू लागला, त्यामुळे तो ओळखून गाळणाऱ्या संगणकीय व्यवस्थेची जोड द्यावी लागली.

नाशिककरांना या शांततेची किंमत ठाऊक आहे, कारण नारायणगावाकडून जाणारी पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची मूळ आखणी याच दुर्बिणीच्या कारणाने अडली आणि शिर्डीमार्गे जाणारा पर्याय पुढे आला. लांबच्या वळणाविषयीची नाराजी समजण्यासारखी आहे. तथापि विजेच्या तारेवरून धावणाऱ्या गाडीच्या ठिणग्या आणि डब्याडब्यांतील मोबाइल फोन यांना झाकणारी भिंत 25 किलोमीटरभर बांधता येत नाही.