साभार परत

तरुण लेखकानें मोठ्या आशेनें मासिकाकडे कथा धाडावी आणि कांहीं आठवड्यांनीं ती ‘साभार परत’ यावी, हा अनुभव नवा नव्हे. परंतु लेखक राजुऱ्याचा असला, म्हणजे त्या दुःखांत एक संशय मिसळतो: दोष कथेचा कीं गांवाचा?

हा संशय अगदींच निराधार म्हणतां यावयाचा नाहीं. राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होतें. निजामी अमदानींत माध्यमिक शिक्षण मुख्यतः उर्दूंतून होई. घरची मराठी घरांतच राही. विदर्भ साहित्य संघ १९२३ सालीं स्थापन झाला, मराठवाडा साहित्य परिषद १९४३ सालीं. राजुरा दोहोंच्याही कडेला पडलें. पुढें वर्धा नदीपलीकडे बल्लारपुरास बांबूचा कागद होऊं लागला. पण कागदावर काय छापावयाचें, हें बहुधा मुंबई-पुण्यासच ठरे.

तथापि संपादक हा केवळ द्वारपाल नव्हे. १९८२ मध्यें बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे नवख्यांचींही हस्तलिखितें बारकाईनें वाचीत, पत्रानें सूचना करीत आणि पुन्हां लिहवून घेत. अनेकांची ती शाळाच झाली. उलट, ही अभिरुची आपल्याला सामावून घेत नाहीं, असें वाटणाऱ्या तरुणांनीं १९६० नंतर स्वतःचीं लघु-अनियतकालिकें काढलीं; १९६९ मध्यें मुंबईंत ‘सत्यकथे’च्या अंकाची होळीही झाली. दोन्ही वाटांनीं मराठी साहित्य समृद्धच झालें.

म्हणून परत आलेली कथा फाडूं नये, तशीच दुसरीकडे धाडूंही नये. महिनाभर बाजूला ठेवून ती परक्याच्या नजरेनें वाचावी. पाल्हाळ असेल तर तो छाटावा. सैल शेवट घट्ट करावा. पण मोहफुलें वेंचणाऱ्या बाईच्या तोंडीं, छापून येण्याच्या लोभानें, पुणेरी बोली घालूं नये. ती एकदां खोटी बोलली कीं कथाच उरत नाहीं.

वऱ्हाडांतील बेलोऱ्यास जन्मलेले वसंत आबाजी डहाके चोवीस वर्षांचे असतांना, १९६६ मध्यें, त्यांची ‘योगभ्रष्ट’ ही दीर्घ कविता ‘सत्यकथे’नें छापली. २०१२ मध्यें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपुरास भरलें, तेव्हां अध्यक्षस्थानीं तेच होते. राजुऱ्याहून तें स्थळ घटकाभराच्या वाटेवर! गांव आडवळणी असेल. लेखणीनें आडवळणीं राहिलेंच पाहिजे, असें मात्र नाहीं.