बाहेरचा पैसा आणि आपली संघटना
(महिला संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण)



पैशाचा विषय आपल्याकडे नेहमी सगळ्यात शेवटी येतो. खजिनदार हिशेब वाचत असते आणि बाकीच्या एसटीची वेळ बघत असतात. आज संयोजकांनी तो सकाळीच ठेवला, हे बरं झालं. कारण हा नुसता हिशेबाचा विषय नाही, राजकारणाचा आहे.

बाहेरचा पैसा घ्यावा की घेऊ नये, हा वाद आपण चाळीस वर्षं घालतो आहोत. मला वाटतं, प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने विचारायला हवा. पैसा कशासाठी मिळतो, किती काळासाठी मिळतो आणि तो थांबला तर आपल्याकडे काय उरतं?

परदेशी देणगी आपल्याला नवी नाही. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ साली बॉस्टनमध्ये अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षं मदत करण्याचं तिने कबूल केलं. त्या आधारावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. तिथे धर्मशिक्षण द्यायचं नाही, असं ठरलं होतं. १८९३ मध्ये त्यावरूनच वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. तरीही सदन टिकलं. त्याचं श्रेय रमाबाईंच्या जिद्दीला आहेच. पण पैसा दहा वर्षांच्या बोलीवर आणि संस्था चालवण्यासाठी मिळाला होता, हेही विसरू नये. पुढे १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले, तेव्हा विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं. देणगीबरोबर काहीतरी येतंच. काय येतंय, ते आधी ओळखावं.

आता आजची स्थिती पाहू. २०२१ मध्ये गेट्स फाउंडेशनने स्त्री-पुरुष समानतेसाठी पाच वर्षांत २१० कोटी डॉलर देण्याचं जाहीर केलं. आकडा ऐकून वाटतं, पैशाला काय तोटा! पण असोसिएशन फॉर विमेन्स राइट्स इन डेव्हलपमेंट या आंतरराष्ट्रीय संस्थेने जगभरच्या सातशेहून अधिक स्त्री-संघटनांचे हिशेब पाहिले होते. २०१० साली त्यांतल्या निम्म्या संघटनांचं वर्षाचं उत्पन्न २० हजार डॉलरच्या आत होतं. याच संस्थेने २०२१ मध्ये म्हटलं, की विकासाची मदत आणि फाउंडेशनांची अनुदानं यांतला ९९ टक्के पैसा स्त्री-संघटनांपर्यंत थेट पोचत नाही.

मग तो जातो कुठे? सरकारी खात्यांकडे, मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांकडे, सल्लागारांकडे. पाण्याच्या किंवा रस्त्याच्या प्रकल्पात समानता हे एक उद्दिष्ट म्हणून लिहिलं, तरी ती मदत समानतेच्या खात्यात मोजली जाते. वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर खर्च वजा होतो. तळाच्या गटाच्या हाती पडतं ते वर्षभराचं काम: इतक्या बायकांचं प्रशिक्षण, इतक्या बैठका, इतके फोटो.

आपलं खरं काम या तक्त्यात बसत नाही. मारहाण झालेल्या बाईबरोबर रात्रभर पोलीस चौकीत बसणं, कोर्टाच्या तारखांना वर्षानुवर्षं जाणं, जातपंचायतीपुढे उभं राहणं, हे 'लाभार्थी' या रकान्यात कसं लिहायचं? मथुराची केस आठवा. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये गावोगावी मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. १९७९ साली कुणी विचारलं असतं, की मार्चअखेर काय निष्पन्न होणार, तर कुणाला काय सांगता आलं असतं?

कुणी म्हणेल, मग पैसा घ्यायलाच नको. दिल्लीची सहेली १९८१ पासून संस्थांचे पैसे न घेता व्यक्तींच्या लहान देणग्यांवर चालत आली. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण विनामोबदला काम करणं कुणाला परवडतं, हेही विचारू या. जिच्या घरात दुसरा पगार येतो, तिला. शेतमजूर बाई एक दिवस मोर्चाला आली, की तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. पैसाच नको असं ठरवलं, तर संघटनेचं नेतृत्व आपोआप शहरातल्या, शिकलेल्या, वरच्या जातीच्या बायकांकडे जातं. ही स्वायत्तता फार थोड्या जणींची झाली.

दुसऱ्या बाजूला, देणगीदाराची मर्जी फिरते. अमेरिकेतल्या नोवो फाउंडेशनने मे २०२० मध्ये, ऐन कोरोनात, स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा कार्यक्रम गुंडाळला. सरकारी मदतीचं तर विचारूच नका. यूएसएड ही अमेरिकेची मदतसंस्था १ जुलै २०२५ ला बंद झाली. युद्ध आणि आपत्ती असलेल्या ४४ ठिकाणच्या ४११ स्त्री-संघटनांची पाहणी यूएन विमेनने त्याच वर्षी केली. मदतकपातीची झळ ९० टक्के संघटनांना बसली होती, आणि ४७ टक्के संघटनांना सहा महिन्यांत बंद पडण्याची भीती होती. वॉशिंग्टनमध्ये निर्णय झाला. ज्यांचं निवारागृह बंद पडलं, त्या बायकांना तिथे मत नव्हतं.

आपल्या देशातही वाट अरुंद झाली. विदेशी देणगी कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. एका संस्थेने परदेशी पैसा दुसरीला द्यायचा नाही, आणि प्रशासनावर ५० ऐवजी २० टक्केच खर्च करायचा. कचेरीचं भाडं, हिशेबनीस, अगदी अहवाल लिहिण्याचा खर्चसुद्धा त्या प्रशासनात येतो. मोठ्या संस्थेमार्फत ज्या छोट्या गटांना चार पैसे मिळत, त्यांचा तो रस्ताच बंद झाला. राहता राहिला कंपन्यांचा पैसा. २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावलं. त्या यादीत स्त्री-पुरुष समानता आहे. पण शिलाई मशीन देणारी कंपनी आपल्याच कारखान्यातल्या कंत्राटी बायकांच्या युनियनला पैसे देईल, असं समजू नका.

मग करायचं काय? शेजारच्या नेपाळकडे बघा. रीटा थापा यांनी १९९६ मध्ये 'टेवा' सुरू केली. टेवा म्हणजे आधार, आपला टेकू. तिथे सामान्य नेपाळी माणसांकडून लहान लहान देणग्या जमवून ग्रामीण महिला गटांना अनुदान देतात. आफ्रिकेत २००० साली आफ्रिकी स्त्रियांनीच आफ्रिकन विमेन्स डेव्हलपमेंट फंड उभा केला. बायकांच्या कामासाठी बायकांनी चालवलेला निधी, हा विचार आपल्यालाही जमण्यासारखा आहे. महाराष्ट्राने पैसा फंड पाहिला आहे, मुष्टिफंड पाहिला आहे.

म्हणून चर्चेसाठी चार सूचना मांडते. एक, प्रत्येक गटाने सभासदांच्या वर्गणीची वेगळी ठेव करावी आणि तिला प्रकल्पासाठी हात लावू नये. ही 'नाही' म्हणण्याची ठेव. अट मान्य नसेल तेव्हा सहा महिने कचेरीचं भाडं तिच्यातून निघालं पाहिजे. दोन, कुठल्याही एका देणगीदाराचा वाटा एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त होऊ देऊ नये. तीन, कराराआधी लेखी मागावं: कार्यकर्तीचं मानधन, मजुरी बुडणाऱ्या बाईचा भत्ता, किमान तीन वर्षांची मुदत आणि गरजेप्रमाणे काम बदलण्याची मोकळीक. चार, हिशेब देणगीदाराला इंग्रजीत पाठवण्याआधी वस्तीतल्या सभेत मराठीत वाचावा. बायकांनी तिथे प्रश्न विचारावेत.

एवढं मागितलं तर काही पैसे हातचे जातील. जाऊ देत. पण जे येतील, त्यांच्यावर आपली संघटना उभी राहील; नाहीतर प्रकल्प संपला की कुलूप लावायची वेळ येते. ही ठेव कुठला गट किती रुपयांपासून सुरू करणार, ते दुपारच्या गटचर्चेत ठरवून सांगा.