घरच्या घरी गाडीला रंग

गाडीला घरीच रंग द्यायचा बेत असेल, तर एकदम अख्ख्या गाडीला हात घालू नका. बंपरचा कोपरा किंवा दारावरचा ओरखडा, एवढंच आधी करून पाहा.

यात रंग मारायला फारसा वेळ लागत नाही, खरी मेहनत घासण्यात आहे. गंज असेल तर 80 नंबरच्या पेपरने स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत घासा. खड्ड्यात लांबी भरा. ती सुकली की 180 आणि मग 320 नंबरचा पेपर. आता डोळे मिटून त्यावर तळहात फिरवा. डोळ्यांना न दिसलेली कड बोटांना लागते, आणि ती राहिली तर रंगातून हमखास वर दिसते. मग प्रायमर. तो सुकल्यावर 600 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने.

स्प्रेचा कॅन वीसेक सेंटिमीटरवर धरा, हात सतत फिरता ठेवा. जाड थर ओघळतो. त्यापेक्षा तीन पातळ थर द्या, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. शेवटी क्लिअर कोट. पावसाळ्यात मात्र हे काम काढूच नका, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते.

हार्डनर मिसळायच्या रंगांत बहुधा आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल तिथे काही कामाचा नाही. ते काम गॅरेजवाल्यावरच सोपवा. आणि हो, गाडीचा मूळ रंगच बदलणार असाल, तर आरटीओकडून आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते.