कासव बघायला जाताना
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेवर ‘शाश्वत वन्यजीव पर्यटन’ असा भारदस्त विषय छापलाय. मी तुम्हाला फक्त एका गावात नेणार आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला. नाना फडणीसांचं गाव म्हणून ते आपल्याला ठाऊक होतंच.

२००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेची मंडळी समुद्र गरुडाची पाहणी करत किनाऱ्याने फिरत होती. शोधायचा होता गरुड. वेळासच्या वाळूत सापडली कासवाच्या अंड्यांची टरफलं. ऑलिव्ह रिडले जातीच्या या कासवाची मादी रात्री वाळूत येते, खड्डा खणून शंभर-सव्वाशे अंडी घालते, तो बुजवते आणि समुद्रात परत जाते. मागे राहतो तिच्या सरपटण्याचा माग. तो कोल्ह्याकुत्र्यांना कळतो, तसा माणसालाही. अंडी खाल्ली जात, विकली जात.

संस्थेने गावातल्याच माणसांना हाताशी धरलं. माग काढण्यात त्यांचा हात कोण धरणार? पहाटे किनारा पालथा घालायचा, अंडी उचलून कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, तारीख लिहायची, पन्नासेक दिवस राखण करायची. हे ‘कासवमित्र’. वनखात्याची साथ मिळाली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला.

पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. झोपायला माजघर, जेवायला घरचं शाकाहारी ताट, नशीब असेल तर उकडीचे मोदक. खोलीत एसी नाही म्हणून कुरकुरणारेही येतात, येऊ द्यात. दिलेला पैसा त्या घरात राहतो, म्हणजे अंडी वाचण्यात त्या घराचा स्वार्थ आहे. मला या साऱ्यात हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. याउलट वाघाच्या जंगलाच्या दारातलं आलिशान रिसॉर्ट गावातल्या पोराला माळी म्हणून ठेवतं. वाघाने गाय मारली की तोटा मात्र त्याच्याच गोठ्याचा. भरपाई येईल तेव्हा येईल. अशा गावाने वाघावर माया करावी, ही अपेक्षा शहरात बसून करायला सोपी आहे.

वेळासचंही सगळं आलबेल नाही. अंडी हलवणं हा नाइलाज आहे. वाळू जास्त तापली की माद्या अधिक निपजतात, गार राहिली की नर. त्यामुळे कुंपण कुठे घालायचं, सावली किती करायची, यात चूक परवडत नाही. दुसरी अडचण आपण. सकाळ-संध्याकाळ कुंपणातल्या खड्ड्यावर झाकलेली टोपली उचलतात, पिल्लं पाण्यापासून थोडी दूर सोडतात आणि ती स्वतःच्या पायांनी समुद्र गाठतात. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, एवढीच अट. तरी कुणीतरी मोबाईल घेऊन पुढे घुसतोच. एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही. तेव्हा ‘पैसे फुकट गेले’ म्हणणारा पाहुणा यजमानांवर वेगळाच दबाव आणतो. प्राणी दिसण्याची हमी मागितली, की कुणीतरी तो ओढून दाखवायला लागतो.

२०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर तिचा ठावठिकाणा कळवणारं उपग्रह-यंत्र बसवलं. नाव ठेवलं ‘प्रथमा’. अंडी घालून माद्या जातात कुठे, हे आता कुठे उमगू लागलंय.

यंदाचा हंगाम सरत आला. पुढच्या वर्षी जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. आधी फोन करून घर ठरवा, रात्री किनाऱ्यावर बॅटऱ्या पाजळू नका. पिल्लं नाहीच निघाली तर बाणकोटचा किल्ला जवळच आहे. आता प्रश्न विचारा.