शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य



स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला की आपल्याकडे आवाज खाली येतो. शेवगाव तालुक्यातल्या खेड्यापाड्यांत एखादी बाई छातीतली गाठ नवऱ्यालाही सांगत नाही. म्हणून आज आम्ही हा विषय मुद्दाम सर्वांसमोर, पुरुषांसमोरही, मांडत आहोत.

शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, की घरच्यांना वाटते संकट टळले. परंतु त्या बाईच्या मनात प्रश्न उभे असतात. रोग उलटेल काय? नवरा टाकील काय? पोरीच्या लग्नात ही गोष्ट आडवी येईल काय? औषधांनी केस गेलेले, हात जड झालेला. ती आरशासमोर जात नाही, लग्नकार्याला जात नाही. कोठे कोठे तर तिचे ताट वेगळे ठेवतात. हे निव्वळ अज्ञान आहे. कर्करोग शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही.

काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हाताला सूज येऊ शकते. भिंतीवर बोटे चढवत हात वर नेण्याचा व्यायाम डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे नियमित करावा. कापूस वेचताना बोंडाचा ओरखडा, चुलीचा चटका त्या हाताला लागू देऊ नये. भरलेला हंडा घरातल्या पुरुषाने उचलावा. त्यात कमीपणा नाही. झोप उडाली, सारखे रडू येऊ लागले, जगणे नकोसे वाटू लागले, तर तेही डॉक्टरांना सांगावे. मनाच्या दुखण्यालाही उपचार आहेत.

लवकर निदान झाले तर पुष्कळदा स्तन वाचवता येतो. सुरुवातीच्या अवस्थेत फक्त गाठ काढून किरणोपचार दिलेल्या स्त्रिया पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगतात, हे अमेरिकेतील डॉ. बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासात 1985 साली दिसले आणि 20 वर्षांच्या पाहणीनंतर 2002 साली पुन्हा सिद्ध झाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केलेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमधील या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले, असे 2021 साली प्रसिद्ध झाले. येथे महागडे यंत्र लागले नाही, हे लक्षात घ्यावे.

1952 साली न्यूयॉर्कमध्ये टेरेस लॅसर या बाईंवर ही शस्त्रक्रिया झाली. पुढे त्या स्वतः अशा रुग्ण स्त्रियांना भेटू लागल्या. ज्या वाटेने आपण गेलो, त्या वाटेवरच्या दुसरीला हात देणे, एवढीच ती कल्पना. तिच्यातून जगभर काम उभे राहिले.

हे शेवगावातही होऊ शकते. या दुखण्यातून उठलेल्या भगिनींनी नव्या रुग्णाच्या घरी तासभर बसावे. विद्यार्थ्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद करून द्यावेत, तपासणीला सोबत जावे. बाईचे मोल तिच्या एका अवयवात नसते, हे तिला आपल्या वागण्यातून कळू द्या.