सोबत्याच्या पावलाने

(ज्युबिली-सप्ताहात धर्मग्रामाच्या सभेपुढे केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या ह्या मंगलप्रसंगी आपण परमेश्वराचे उपकार मानण्याकरिता जमलो आहोत. पवित्र मिस्साबलिदान झाले, स्तोत्रे गाइली, आणि ज्यांनी ह्या भूमीत श्रद्धेचे बीज जपले त्या वाडवडिलांचे स्मरणही आपण केले. परंतु ज्युबिली ह्या शब्दाचा मूळ अर्थ पाहू गेल्यास त्यात आनंदोत्सवापेक्षा काही अधिक आढळते. जुन्या करारातील लेवीय ग्रंथात अशी आज्ञा आहे की, पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकून देशभर मुक्ती पुकारावी. जो दास झाला असेल त्याने आपल्या कुळाकडे परत जावे, आणि ज्याची जमीन गेली असेल त्याला ती परत मिळावी. तेव्हा ज्युबिलीचा खरा मानकरी कोण, असे विचाराल तर तो परत येणारा माणूस होय.

यास्तव आज मी परत येणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहे. तो दीर्घ दुखण्यातून उठलेला असेल, शस्त्रक्रिया होऊन घरी आलेला असेल, अथवा मद्याच्या पाशातून सुटून उपचारगृहातून परतलेला असेल. आणि त्याच्याबरोबर डोंगराची वाट चालणारा जो वडील वयाचा, कसलेल्या पायांचा सोबती, त्याच्याविषयीही मला दोन शब्द सांगावयाचे आहेत.

डोंगर आणि धावणे हा धर्मगुरूच्या भाषणाचा विषय कसा, असे कोणास वाटेल. परंतु संत पौलाने आपल्या पत्रांतून शर्यतीच्या मैदानाचे दृष्टान्त वारंवार योजिले आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. आणि आजच्या काळी हा विषय आपल्या महाराष्ट्रातही परका राहिलेला नाही. सातारा शहरी २०१२ सालापासून डोंगरावरील अर्ध-मॅरेथॉन भरू लागली. सुमारे २१ किलोमीटरांची ती वाट यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्यावर चढते आणि पुन्हा शहरात उतरते. तिच्यात तरुणांच्या जोडीने पन्नाशी-साठी उलटलेले स्त्रीपुरुषही धावतात. दक्षिण आफ्रिकेत १९२१ सालापासून एक शर्यत धावली जाते. डर्बन व पीटरमारित्झबर्ग ह्या दोन शहरांच्या दरम्यान, टेकड्यांच्या चढउतारांवरून, जवळजवळ ९० किलोमीटर. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ती सुरू झाली आणि तिचे नावच 'कॉम्रेड्स', म्हणजे 'सोबती', असे ठेविले गेले. वॉली हेवर्ड नामक धावपटूने ही शर्यत १९३० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, जिंकली. आणि त्याच गृहस्थाने १९८९ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, मुदत संपावयास दोन मिनिटेही उरली नसताना ती पुरी केली. वार्धक्य आले म्हणजे पायांचे काम संपलेच, असे समजण्याचे कारण नाही, एवढे ह्यावरून ध्यानात यावे.

आता प्रश्न असा की, देवाने ज्याला ह्या वयातही असे पाय दिले, त्याने ते कोणासाठी झिजवावे?

ह्या संबंधात एक सत्यकथा सांगतो. १३ मे १९८१ रोजी रोममध्ये, संत पेत्राच्या चौकात, पोप दुसरे जॉन पॉल ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जेमेल्ली रुग्णालयात त्यांच्यावर कित्येक तास शस्त्रक्रिया चालली. त्या रात्री त्यांच्या समाचारासाठी रुग्णालयात जे धावून आले, त्यांत इटलीचे राष्ट्राध्यक्ष सान्द्रो पेर्तिनी हेही होते. हे गृहस्थ समाजवादी, वयाने पोपमहाराजांपेक्षा तेवीस वर्षांनी वडील, आणि आपण श्रद्धावान नाही असे उघडपणे सांगणारे. तरीही त्या दोघांचा स्नेह जडला. पोपमहाराजांचे दुखणे लवकर सरले नाही. जूनमध्ये संसर्गामुळे त्यांना पुन्हा रुग्णालयात जावे लागले, ऑगस्टमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली.

तरुणपणापासून पोपमहाराज डोंगरांचे व बर्फावरील स्की ह्या खेळाचे मोठे भोक्ते. जुलै १९८४ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ते आल्प्समधील आदामेल्लोच्या हिमनदीवर गेले. तीन हजार मीटरांहून अधिक उंचीची ती जागा. आणि त्यांच्या सोबतीस सत्याऐंशी वर्षांचे पेर्तिनी. त्या वयात राष्ट्राध्यक्षांनी स्की पायांस बांधल्या नाहीत. थंडीत उभे राहून, मरणाच्या दारातून परत आलेला आपला मित्र बर्फावरून उतरताना ते पाहत राहिले. ज्याने आपल्याला खाटेवर पडलेले पाहिले, त्यानेच आपल्याला डोंगरावर उभे राहिलेले पाहावे, ह्यात केवढे समाधान आहे, ते दुखणे भोगलेल्यास निराळे सांगावयास नको.

बंधुभगिनींनो, आपल्याकडे काय घडते ते पाहा. एखाद्या घरी दुखणे आले म्हणजे पहिल्या आठवड्यात ओसरी माणसांनी भरून जाते. कोणी फळे आणतो, कोणी जपमाळ म्हणावयास बसतो. ही मोठीच भूतदया आहे. परंतु तिसऱ्या महिन्यात ती ओसरी रिकामी असते, आणि खरे पाहता बरे होण्याचे कठीण काम तेव्हाच चाललेले असते. दारू सोडून आलेल्याची गोष्ट तर याहून बिकट. जुने पिणारे मित्र पहिल्याच संध्याकाळी त्याच्या दाराशी हजर होतात. न पिणारे मात्र दुरून पाहत, 'किती दिवस टिकतो ते बघू' असे म्हणत राहतात. त्याच्या मुक्तीचे रणशिंग आपण फुंकतो, परंतु त्याला घरापर्यंत पोहोचवावयास कोणी जात नाही. ह्यात माणसे पुन्हा गमावली जातात, घरे मोडतात, लेकरांच्या शाळा सुटतात. हे मी कोणा एकास उद्देशून बोलत नाही. आपल्यातील प्रत्येक कुटुंबास अशी एखादी ओसरी ठाऊक आहे.

पवित्र शास्त्राकडे वळू. एलिया संदेष्टा थकून अरण्यात एका झुडपाखाली निजला आणि त्याने देवाजवळ मरण मागितले. देवदूताने त्याला बोध केला नाही, दोषही दिला नाही. त्याने त्याला उठवून भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले, आणि पुन्हा उठवून जेवू घातले. मग त्या अन्नाच्या बळावर एलिया चाळीस दिवस चालत होरेब डोंगरास पोहोचला. अन्न, निद्रा, आणि मग डोंगर: बरे होण्याचा क्रम हाच, आणि आजचे डॉक्टरही हेच सांगतात.

दुसरा प्रसंग पुनरुत्थानाच्या पहाटेचा. पेत्र आणि ज्याला परंपरा योहान म्हणते तो प्रिय शिष्य, असे दोघे कबरेकडे धावत निघाले. योहान तरुण, तो पुढे गेला आणि आधी पोहोचला. पेत्राचे वय अधिक होते, आणि त्या दिवशी त्याच्या पायांत आणखी एक ओझे होते: तीन रात्रींपूर्वी त्याने आपल्या प्रभूला तीनदा नाकारले होते. योहानाने काय केले? तो दाराशी थांबला. पेत्र आला, पेत्र आधी आत गेला, आणि मग योहान गेला. वेगाने धावण्यात त्याने काही पाप केले नाही. पण पडून उठलेल्या सोबत्यास त्याने मागे टाकले नाही. आजच्या खेळांतही असा एक नियम आहे. अंध धावपटूच्या हाताशी दोरीने जोडलेला डोळस वाटाड्या धावतो. परंतु शेवटच्या रेषेवर वाटाड्याने अंध धावपटूच्या आधी पाऊल टाकावयाचे नाही. नियम करणाऱ्यांनी योहानाचा विचार केला असेल वा नसेल. गोष्ट तीच आहे.

येथे कोणी म्हणेल, 'मी दुसऱ्यासाठी झिजावे, त्यात मला काय लाभ?' त्याचे उत्तर १९३५ सालच्या एका भेटीत सापडते. अमेरिकेतील ॲक्रन नगरात बिल विल्सन नामक गृहस्थ धंद्याच्या कामासाठी आले होते. दारू सोडून त्यांना थोडेच महिने झाले होते. काम फसले आणि पिण्याची ओढ अनावर होऊ लागली. तेव्हा आपल्यासारखाच कोणी शोधून त्याच्याशी बोलावे, म्हणजे आपण वाचू, असे त्यांना सुचले. त्यांना डॉ. बॉब स्मिथ हे शस्त्रवैद्य भेटले. त्या भेटीतून मद्यपींना मद्यमुक्त करणारी, जगभर पसरलेली 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही बंधुता उभी राहिली. पुढे त्याच नगरातील संत थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया ह्यांनी डॉक्टर स्मिथ ह्यांच्यासमवेत अशा रुग्णांची सेवा केली. आपल्या महाराष्ट्रात मूळ वसईचे फादर जो परेरा ह्यांनी, स्वतः त्या बंधनातून सुटल्यावर, १९८१ साली वांद्रे येथे 'कृपा फाउंडेशन' स्थापिले. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार ह्यांच्याकडून शिकलेली योगसाधना त्यांनी त्या कार्यात आणली, आणि २००९ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. मन सुटावयाचे तर शरीरालाही चाल शिकवावी लागते, आणि ती एकट्याने शिकता येत नाही, हे ह्या सर्वांनी ओळखले. जो दुसऱ्यास हात देतो त्याचा स्वतःचा तोलही त्याच हाताने सावरतो.

तर मग आपण काय करावे? आपल्या हिंगोली जिल्ह्यात आल्प्स नाहीत. परंतु औंढा नागनाथाच्या बाजूस अजिंठ्याच्या रांगेचे जे फाटे उतरले आहेत, ते दुखण्यातून उठलेल्या माणसास पुरेसे उंच आहेत. पायी चालणे ह्या मातीला नवे नाही. संत नामदेवांचे नर्सी येथेच आहे, आणि शेगावहून पंढरपुरास जाणारी पालखी नर्सी व औंढ्यावरूनच पुढे जाते. दिंडीत म्हातारा आणि तरुण एकाच टाळावर पाऊल टाकतात, हे आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिले आहे. आपल्या शेजाऱ्यांपासून एवढे शिकण्यास आपणांस संकोच नसावा.

माझी सूचना अशी. ज्यांची नोकरी संपली आहे आणि पाय धड आहेत, अशा प्रत्येक वडीलधाऱ्याने ह्या ज्युबिली-वर्षात एका परत येणाऱ्या माणसास आपला सोबती करावे. प्रथम डॉक्टरांची परवानगी घ्यावी; विशेषतः फार काळ पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास कंप, झटके, भ्रम असे जिवावरचे प्रसंग येऊ शकतात, म्हणून तो आरंभ वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावा. नंतर काही आठवडे सपाट वाट, मग टेकडी, आणि सोसेल तरच धावणे. वेग असा असावा की चालताना सोबत्यास एक सबंध वाक्य बोलता यावे. त्याचे शब्द तुटू लागले की पाऊल मंद करावे. चढावर छाती लागते, पण उतारावर जपावे, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या स्थितीत भार पेलतात आणि पुढले दोन दिवस ठणकतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा सूर्योदयापूर्वी निघावे, पाणी बरोबर घ्यावे. वडील सोबत्यानेही छातीत कळ वा घेरी आल्यास थांबण्यात कमीपणा मानू नये. वाटेत चौकशा करू नयेत; तो बोलेल ते ऐकावे.

आणि एक गोष्ट सर्वांत कठीण. तो पुन्हा पडेल, असे होऊ शकते. एखाद्या पहाटे तुम्ही त्याच्या दाराशी जाल आणि तो उठण्याच्या स्थितीत नसेल. त्या दिवशी रागावून घरी जाल, तर आजवरची सारी चाल फुकट गेली असे समजा. दुसऱ्या पहाटे पुन्हा त्याच दाराशी उभे राहा. तीनदा नाकारणाऱ्या पेत्रास प्रभूने तळ्याच्या काठी तीनदा विचारले, आणि तितक्याच वेळा त्याच्यावर विश्वास टाकिला. आपण प्रभूहून अधिक कडक होण्याचे कारण नाही.

आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत बाप्तिस्मे, विवाह व मृत्यू लिहिले जातात. उठून पुन्हा चालू लागलेल्यांची नोंद कोणत्याही वहीत नसते. ती देवाजवळ राहते. पुढील ज्युबिलीस आपल्यापैकी कित्येक येथे नसतील. परंतु त्या दिवशी मिस्सेच्या बाकावर एखादा माणूस आपल्या लेकरांसह बसलेला असावा, आणि त्याला ठाऊक असावे की, धर्मग्रामातील एक म्हातारा एके काळी रोज पहाटे त्याच्या दाराशी येत असे. एवढेच मी देवाजवळ मागतो.

सर्वसमर्थ परमेश्वर, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तुम्हा सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.